साळवेसाहेबांचा ओल्सू

कोरियन संगीत आणि जॅझ यांचा सिंगापुरात जो मिलाफ झाला, त्यात माझा मोठा हात आहे. हात म्हणजे तोंड, आणि तेही नको तिथे उघडलेलं.

खरा माणूस साळवेसाहेब. सेम्बावांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मोठे इंजिनिअर. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक चॉपस्टिक. ती नूडल्स खायला नाही. लिफ्टचं दार बंद झालं की साहेब ती बाहेर काढतात. उजव्या हातातली काडी लिफ्टच्या भिंतीवर टक टक, डाव्या हाताचा तळवा धप्प! तोंडाने "डोंग, डक, कुंग डक." हा जांगू नावाचा कोरियन ढोल. दोन बाजूंनी वाजतो, मध्ये डमरूसारखा बारीक. ताल अर्धवट राहिला तर मजला आला तरी साहेब उतरत नाहीत. त्यांच्या नादाने मीही दोनदा खाली जाऊन परत वर आलोय. मी शिपयार्डातला रिगर, म्हणजे क्रेनला ओझी बांधणारा, आठवी नापास. मला वाटायचं, जास्त शिकलं की असं होत असेल.

"बबनराव, कोरियन ताल आणि जॅझ, हे सख्खे मावसभाऊ आहेत!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जॅझला जो झोका आहे ना, तो तीनात झुलतो. हा ढोलही तीनात झुलतो. दोन बहिणी वेगवेगळ्या गावांत दिल्या, एवढंच."

मग त्यांना सगळीकडेच मावसभाऊ दिसायला लागले. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, लक्सा नावाचा नूडल्सचा रस्सा खाताना म्हणाले, हा आणि आपला नारळाचा रस्सा मावसभाऊ. मी आणि आमच्या शिपयार्डाची जुनी क्रेनसुद्धा मावसभाऊ, कारण दोघंही वाकताना कुरकुरतो.

आमच्या कम्युनिटी क्लबात सतरा जणांचा बिग बँड आहे. सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सगळा पितळेचा बाजार. साहेब त्यात क्लॅरिनेट वाजवतात. क्लॅरिनेट जुनं, एक चावी रबर बँडने बांधलेली. चार वर्षं खपून त्यांनी बँडसाठी एक तुकडा लिहिला, कोरियन ताल आणि जॅझ एकत्र. ढोलावर मिसेस हान. सेरंगूनला राहतात, बाई बुटक्या, पण काठी उगारली की पुढच्या रांगेतला ट्रॉम्बोनवाला मागे सरकतो.

बँडचे मास्तर मिस्टर लिम. शाळेत बँड शिकवून रिटायर झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "साळवे, ढोल एकीकडे चाललाय, बँड दुसरीकडे. वार्षिक कार्यक्रमापर्यंत जमलं तर जमलं. नाही तर पुढच्या वर्षी हे बाड बाहेर, लाह." लाह म्हणजे इथलं "बरं का", कुठल्याही वाक्याला लागतं.

आणि ते जमेना. मी रिहर्सलला जायचो, एसी फुकट म्हणून. सतरा जण कागदात डोकं घालून बरोबर वाजवत होते, पण परीक्षेला बसल्यासारखं. शेवटी मिसेस हाननी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, "आमच्याकडे असं मुक्याने वाजवत नाहीत. ऐकणारा मध्येच ओरडतो. ओल्सू! चोता! तो ओरडला नाही, तर ढोल लंगडतो."

साहेब एकदम उभेच राहिले. "हेच! बबनराव, हेच मी तिकडे पाहिलं!"

कंपनीने त्यांना दोन वर्षं कोरियाला पाठवलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका बाजारात एक म्हातारा ढोल वाजवत होता आणि समोरच्या भाजीवाल्या बाया मध्येच आरोळ्या मारत होत्या. साहेबांना वाटलं, भांडण जुंपलं. मग कळलं, त्या शाबासकी देत होत्या. "तिथे वाहवा ही वाजवण्याचाच भाग आहे हो! ती नसेल तर गाणं अपुरं!"

"पण आपले प्रेक्षक कुठे ओरडणार?" मिस्टर लिम म्हणाले. "इथे लोक शिंकताना पण सॉरी म्हणतात."

साहेबांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. माझ्यात पाहण्यासारखं एकच आहे, आवाज. शिपयार्डात वॉकीटॉकी बंद पडली की मला उभं करतात. मी "होल्ड!" म्हटलं की आमची क्रेन थांबतेच, शेजारच्या गोदीतलीही थांबते.

झाली माझी नेमणूक. प्रेक्षकांत बसायचं आणि सात ठिकाणी ओरडायचं. साहेबांनी कागद दिला, त्यावर सात लाल खुणा. मला कागद उलटा दिला काय नि सुलटा दिला काय, सारखंच. मग मी आकडे पाठ केले. ढोलाच्या तेराव्या फेरीला ओल्सू, विसाव्या फेरीला चोता, असं करत.

घरी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी जेवताना जोरात म्हणालो, "ओल्सू!" शोभा, म्हणजे आमची बायको, आमटीची पळी घेऊन धावत बाहेर आली. "काय झालं? मीठ राहिलं का?" आतून मुलगी ओरडली, "पप्पा, प्लीज लाह! नेबर्स!"

साहेब मात्र समाधानी नव्हते. "बबनराव, तुम्ही मोजून ओरडताय. मोजू नका. वाजवणाऱ्याला जिथे एकटं वाटतं ना, तिथे ओरडायचं."

"आणि ते कसं कळायचं, साहेब?"

"क्रेनवाला वर एकटा असतो. त्याला कधी ओरडायचं ते कसं कळतं तुम्हाला?"

मी मान हलवली. कळलं नाही की मी मान हलवतो, जुनी सवय आहे.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. हॉल भरला. मी तिसऱ्या रांगेत, बाजूला एक चिनी आजीबाई बार्लीचं पाणी पीत बसलेल्या.

सुरुवात अशी झाली की काय सांगू! ट्रंपेटांनी एकदम आभाळ फाडलं, खालून ढोल घुमला, डोंग डक कुंग डक, आणि वरून सॅक्सोफोनवाले झुलत आत शिरले. खरंच मावसभाऊ हो! लग्नात भेटल्यासारखे गळ्यात पडत होते. तेरावी फेरी आली. "ओल्सू!" बरोबर बसलं. मिसेस हान हसल्या, काठी आणखी उंच गेली, बँडच्या अंगात वारं भरलं. मला एवढं चढलं की पुढचं मोजायचंच विसरलो.

तेवढ्यात सगळा बँड गप्पकन थांबला. ती थांबायचीच जागा होती, हे मला नंतर कळलं. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत मी, गोदीतल्या आवाजात, "चोताऽऽ!"

आजीबाईंचं बार्लीचं पाणी माझ्या मांडीवर. मिस्टर लिम गर्रकन मागे वळले. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग पूर्ण रांग हसली. मी खुर्चीत इतका खाली रुतलो की कुणी तिकीट विचारायला आलं असतं, तर त्याला खुर्चीवर फक्त ओली पँट दिसली असती. ठरवलं, आता तोंड शिवलं. जन्मभर.

आणि पुढे होता साहेबांचा एकट्याचा भाग. बँड गप्प, फक्त ढोल आणि क्लॅरिनेट. पण लोक अजून हसत होते. साहेबांनी श्वास घेतला, वाजवायला लागले, आणि रबर बँड तुटला. सूर चिरकला. हसू वाढलं. मिस्टर लिमनी बँड चालवायची काडी वर उचलली, बँडला आत घ्यायला, म्हणजे हे एकदाचं संपवायला. साहेबांनी एका बोटाने ती चावी दाबून धरली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. चार वर्षांची मेहनत त्या एका बोटाखाली.

ती नजर मला ओळखीची होती. वर ओझं लटकतंय, वारा सुटलाय आणि क्रेनवाला खाली बघतोय, ती.

ओल्सू आठवेना. चोता आठवेना. मी उठून उभा राहिलो आणि तोंडातून जे निघालं ते असं, "वाऽ रं माझ्या पठ्ठ्या! वाजीव!"

साहेबांचे डोळे मोठे झाले. मग क्लॅरिनेट असं उसळलं की मिसेस हानसुद्धा बसल्या जागी वर उडाल्या. "ओल्सू!" त्या स्वतःच ओरडल्या. आजीबाईंनी रिकामा कप हलवला, "गुड, लाह! गुड!" मग मागून कुणी शिट्टी मारली, ट्रंपेटवाले ओरडले, आणि मिस्टर लिमनी उचललेली काडी तशीच हवेत धरून ठेवली. बँड आत आला तेव्हा हॉलमध्ये गप्प बसलेला एकच माणूस होता. मी. मला रडू येत होतं.

कार्यक्रमानंतर हॉकर सेंटरला कॉफी घेतली. साहेबांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतलं होतं, झोपलेलं मूल घेतात तसं.

"हे बाबांचं," ते म्हणाले. "अकलूजकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. लोक वरातीत नाचायचे, मग मांडवात जेवायला बसायचे. बँडवाले बाहेर उभे. बाबांना कुणी वा म्हटलेलं मी ऐकलं नाही."

"लोक तसलेच, साहेब."

"लोकांचं सोडा. शाळेतली पोरं बरोबर असली आणि समोरून वरात आली, की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. तो लाल डगला दिसू नये म्हणून. एकदा बाबांनी मला वळताना पाहिलं. वाजवत राहिले." त्यांनी ती सैल चावी बोटाने दाबली. "मला बाजारातल्या त्या भाजीवाल्या बाया आवडल्या हो. एवढंच."

मी उठलो आणि दोघांच्या कॉफीचे पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आलो, जेवायला बसलो, शोभाला सगळं सांगितलं. डोळे भरून आले होते, त्या भरात म्हणालोही, "शोभे, माणसाला जिवंतपणी कुणीतरी वा म्हणायला पाहिजे गं. वेळेवर म्हणायला पाहिजे."

तिने माझ्या ताटात आमटी वाढली, पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, "बावीस वर्षं गिळताय. माझ्या आमटीला कधी ओरडलात?"