हवेत राहिलेल्या टोपीची बखर

श्री. जे चक्र आपले आपण फिरते आणि कोठे अडेल हे कोणास आगाऊ सांगत नाही, त्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानुनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी नदीकाठी एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी अद्याप हयात आहेत आणि चिडकी आहेत. त्या राज्यात सुभान मुलाणी म्हणोन लग्नांचे चित्रण करणारे थोर पुरुष नांदत होते. शस्त्र एक कॅमेरा, दौलत दोन कॅसेटी आणि एक संगणक, जो सुरू होईतो चहा पिऊन होत असे.

त्या वैशाखी संपतराव ढोणे यांचे चिरंजिवाचे लग्न जाहले. नवरी कमल, बापावेगळी लेक, केरबामामांनी वाढविली. अक्षता पडल्या आणि पंगती उठल्या आणि मग मानपान सुरू जाहले आणि तेथे घात जाहला. मामांस बांधावयाचा फेटा राहिला आणि माईकवाल्याने त्यांस टॉवेल-टोपी दिली. मामा लालबुंद जाहले. म्हणाले, "मी काय मांडवाचं बांबू आणल्यात व्हय? पोरीचा बाप म्हणून उभा हाय मी!" आणि टोपी भिरकाविली, ती संपतरावांचे कानावरून गेली. मग संपतराव, ज्यांस वाकताना कोणी कधी पाहिले नव्हते, उठले आणि आपल्या डोईचा फेटा उतरवोन मामांचे डोईवर ठेविते जाहले आणि दोघांनी मिठी मारिली आणि दोघे रडले आणि आचारी उगाच रडला. मग पाठवणी जाहली. सुभानजींनी सर्व टिपले.

चित्रण भरले चौऱ्याण्णव मिनिटे. साध्या तबकडीत, जीस लोक सीडी म्हणत, ऐंशीच मावत. सुभानजी अदबीने बोलले, "आण्णा, दोन सीड्या कराव्या लागतील."

संपतराव दचकले. "लग्नाचं दोन तुकडं करतोस? घरातलं पयलंच कार्य हाय! आमच्यात नवरा-नवरीचा फोटोसुदीक कापून फ्रेमीत घालत न्हाईत. एकीतच बसव."

"मग जेवणाचं जरा कापतो."

"जेवण कापतोस? पाच गोडं केल्यात मी! पावणं खाताना दिसायला पायजेत."

मग सुभानजी शहरास स्वारी करोन गेले आणि तेथे एका दुकानदाराने जादा पोटाची तबकडी पुढे केली. म्हणाला, "काका, नव्व्याण्णव मिनिटांची आहे. रेघा दाटीनं मारल्यात, पार काठापर्यंत."

"समद्या डेकवर चालंल?"

"माझ्या डेकवर चालते की!"

एवढ्या एका शब्दावर सुभानजी भुलले आणि तबकड्यांची अख्खी चळत घेवोन आले. संगणकाने भरते समयी पाटी दाखविली की इतके मावेल याची हमी नाही, आणि सुभानजींनी 'होय' दाबिले, कारण ते नेहमी 'होय'च दाबीत. त्या दरबारी तबकडी पारखण्याची रीत अशी की गणपती दिसले आणि सनई वाजली की तबकडी पास. गणपती दिसले. सनई वाजली. एक प्रत सासरी जावोन न लाविता देव्हाऱ्यात राहिली, एक मामांकडे गेली. संगणकात जागा नाही म्हणोन तेथील पुसले आणि मूळ कॅसेटीवर पुढील सोमवारी दुसऱ्याचेच लग्न चढविले.

मग कमल पाचपरतावणास माहेरी आली आणि मामांनी अख्खी गल्ली बोलावोन सीडी लाविली. हळद दिसली, वरात दिसली, पाच गोडे दिसली. मग मानपान आले आणि मामा ओरडले आणि टोपी सुटली आणि ऐंशीवे मिनिट भरले. आणि टोपी तेथेच थांबली. हवेत. चौकोन चौकोन होवोन. डेक खोकला आणि पुनः गणपती दिसो लागले. मग मागून कोणी फिस्सकन हसले आणि मग हशा आवरेना. मामांचे तोंड राखेसारखे जाहले. फेटा नाही, मिठी नाही, पाठवणीदेखील नाही!

सुभानजींस बोलावणे धाडिले. "मामा, पुढचं हाय त्यात," ते घाम पुसोन बोलले.

"हाय तर दिसंना का?"

"काठावर हाय."

"काठावर? फेटा काठावर ठिवलास आन् टोपी मधी?" मामा कडाडले. "त्या ढोण्यानंच कापाय लावलं आसंल!"

सुभानजींनी गल्लीतील शेजारणीची साक्ष काढिली. "शेवंताकाकू, तुमी मांडवात व्हता. सांगा की!"

शेवंताकाकू पडद्याकडे पाहोन बोलल्या, "व्हते बाई. मिठी मारल्यागत वाटत व्हतं. पर हितं तर न्हाई!"

जे डोळ्यांनी पाहिले तेही तबकडीने पुसले! मग मामांचा हुकूम सुटला, "फेटा दिसंस्तवर पोरगी धाडणार न्हाई." कमल आत पिशवी भरीत होती, ती तशीच उभी राहिली.

मग सुभानजी तबकडी कापडात गुंडाळोन संपतरावांचे गावी धावले. त्यांचा डेक दुबईचा, मोठा मातबर. त्याने तबकडी गिळिली आणि वर लिहिले की आत तबकडीच नाही. संपतराव हबकले. "आरं, आत्ता तर घातली!" मग शाळेचा संगणक पाहिला, तो गोठला. शेवटी परत मामांचे गावी, चौकात दगडूचे सलून, तेथे बिननावाचा डेक, झाकणास कंगवा अडकविलेला. सुभानजींनी सहज लाविली आणि ऐंशी ओलांडोन टोपी खाली येवो लागली. त्यांनी तेथेच बंद केली आणि दोन्ही दरबारांस निरोप धाडिला.

दुसरे दिवशी सकाळी सलूनात तीळ ठेवावयास जागा नव्हती. मामा खुर्चीत, संपतराव बाकावर, कमल दारात. टोपी सुटली, थांबली नाही, आमटीच्या बादलीत पडली. लोकांनी शिट्ट्या मारिल्या. मग पडद्यावर संपतराव उठले, त्यांचा हात वर गेला आणि टक, टक, टक. हात हवेत थांबला. मग पडदा काळा जाहला. दगडूने कंगवा दाबिला, डेकावर थाप मारिली. काही नाही.

मामा उठले. "बगितलं? हात वर गेला! मारायला उठला व्हता!"

"मारायला?" संपतराव बाकावरून उठले. "आरं देवा, मारायला?" त्या सकाळी डोईस फेटा नव्हता, रोजची पांढरी टोपी होती. त्यांनी ती काढिली आणि बोडक्या डोक्याने सगळ्यांदेखत मामांचे डोईवर ठेविली. "हे असं व्हतं पुढं! आता ही बी टाक. टाक की!"

मामांचा हात टोपीस गेला. मग तो हात टोपी सरळ करोन खाली आला आणि मामा त्यांचे गळ्यात पडले.

"सुभान!" मामा रडत बोलले, "हे तरी टिपलंस का?"

कॅमेरा दुकानात होता. सुभानजींनी जीभ चावली. "पुन्यांदा करा, आणतो पळत."

"कुणी काय पुन्यांदा करायचं न्हाई!" कमल दारातून ओरडली, पिशवी खांद्यावर, आणि सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, चला. धाची यस्टी जाईल."

येणेप्रमाणे सून सासरी पोहोचली आणि तह टिकला, जरी तो कोठेही भरलेला नाही. सुभानजी पुढे दोन तबकड्या करिते जाहले आणि प्रत्येक शेवटपर्यंत पाहते जाहले. उरलेली जादा पोटाची चळत मामांनी नेली आणि शाळूच्या रानात पाखरे हाकावयास टांगली. तेथे मात्र त्या काठापर्यंत चालतात.