खैरनार सरांचं ‘कशावरून?’

पहिल्या मजल्यावरचे आजोबा पहाटे वारले, तेव्हा बातमी द्यायला मी समोरच्या खैरनार सरांची बेल वाजवली. डोळ्यांना पदर लावत म्हटलं, “सर, आजोबा गेले हो.” सरांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि विचारलं, “आय नो, की आय अ‍ॅम टोल्ड?”

खाली माणूस मेलाय, बायका रडताहेत, आणि हा गृहस्थ दारात माझी परीक्षा घेतोय!

“म्हणजे काय सर?”

“म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कोणी सांगितलं?”

“त्यांच्या सुनेनं सांगितलं.”

“मग तसं म्हणा ना, सुमनताई. आय अ‍ॅम टोल्ड दॅट आजोबा इज नो मोअर.”

एवढं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मगच सदरा चढवून खाली उतरले. खांदा द्यायला मात्र सगळ्यात पुढे तेच होते, हेही सांगायला हवं.

सर मूळचे सटाण्याकडचे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आले. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. त्यांचा एकच सिद्धांत. इंग्रज माणूस नुसती बातमी देत नाही, ती त्याला कितपत माहीत आहे हे आधी सांगतो. आय नो दॅट, आय थिंक दॅट, आय बिलीव्ह दॅट. “बातमी असते गौण वाक्यात, ताई,” ते मला जिन्यात गाठून सांगायचे. “मुख्य वाक्य तुमचं. तुम्हाला माहीत आहे की नुसतं वाटतंय, ते त्यात येतं. तुम्ही लोक मुख्य वाक्य गिळता आणि नुसतं गौण फेकत सुटता!”

हे ‘तुम्ही लोक’ म्हणजे मी. सोसायटीत बातम्या पोचवायचं काम माझ्याकडे आहे, ते मी मनापासून करते, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण एकदा मी सांगायला गेले की तिसऱ्या मजल्यावरची पोरगी पळून गेली. सर म्हणाले, “कशावरून?” मी म्हटलं, पहाटे पाठीवर बॅग घेऊन जाताना इस्त्रीवाल्यानं पाहिली. “मग आय अ‍ॅम टोल्ड दॅट शी हॅड अ बॅग. बस्स, इथं पूर्णविराम.” संध्याकाळी ती पोरगी इगतपुरीहून मावशीकडचे तांदूळ घेऊन परत आली. वर मलाच विचारते, “काकू, लिफ्ट बंद आहे का हो?” मी दार लावून घेतलं.

भाजीवालीचीही सुटका नव्हती. मखमलाबादची मंदाबाई द्राक्षं घेऊन आली आणि म्हणाली, “साखरवानी गोड हायत, सर.”

“खाऊन पाहिलीस?”

“नाय बा, आज माझा कडक उपास हाय.”

“मग आय बिलीव्ह म्हण.”

आणि ती बया पाटी सावरत सगळ्या गल्लीभर ओरडत गेली, “आय बिलीव गोड द्राक्षं!” मी गॅलरीत कपाळावर हात मारला. खपली मात्र सगळी.

दुसऱ्या मजल्यावर एक पोरगा राहतो, कंपनीत आहे. त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘यू नो’. सर दर वेळी शांतपणे उत्तर द्यायचे, “नो, आय डोन्ट.” पोरगा आता जिन्यानं न येता लिफ्टची वाट बघतो. इंग्रजांचं सरांना फार कौतुक. “तो येणार नाही असं मला वाटतं, असं इंग्रज म्हणत नाही. तो येईल असं मला वाटत नाही, असं म्हणतो. नकारसुद्धा स्वतःच्या वाटण्यावर घेतो, समोरच्याच्या येण्यावर टाकत नाही. केवढा सभ्यपणा!” मी म्हटलं, असेल बाई.

सरांच्या ह्या सभ्यपणाचा खरा जाच सोसला तो त्यांच्या बायकोनं, वत्सलाकाकूंनी. लग्न ठरताना, पोहे खाऊन झाल्यावर, काकूंच्या वडिलांनी विचारलं होतं, “पोरगी पसंत शे का?” सगळं बिऱ्हाड कान टवकारून बसलेलं. सर उभे राहून म्हणाले, “आय थिंक दॅट शी इज सूटेबल.” वडिलांना इंग्रजीचा गंध नाही. एवढं बोलला म्हणजे पसंतच असणार, असं म्हणून त्यांनी साखर वाटून टाकली. पुढे काकूंच्या भावानं थिंकचा अर्थ सांगितला, आणि तेव्हापासून काकूंचा एकच टोमणा. “ह्यांना मी अजून नुसती वाटतेच आहे. माहीत कधी होणार, देव जाणे!” सर वर्तमानपत्रामागून म्हणायचे, “खोटं कसं बोलू? तोवर मी तुला एकदाच पाहिलं होतं.”

तर ह्या काकूंच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर मोठे सज्जन. म्हणाले, “आय थिंक, सगळं नीट होईल.” आणि सर मला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये काय म्हणाले असतील? “माणूस चांगला आहे, ताई. आय नो म्हणाला नाही. आय थिंक म्हणाला.” माझा तर संतापच झाला. अहो, बायको आत पडलीय, आणि तुम्ही डॉक्टरांना मार्क कसले देताय!

ऑपरेशनच्या सकाळी मी डबा घेऊन पोचले, तर खोलीत वेगळाच प्रकार. स्ट्रेचर दारात उभं, नर्स घड्याळ बघतेय, आणि काकू पलंगाची दांडी घट्ट धरून बसलेल्या. “मी नाही जायची. डॉक्टरांना वाटतंय. ह्यांना वाटतंय. माहीत कुणालाच नाही. मग कशाच्या भरवशावर जाऊ मी?”

नर्सनं समजावलं, मी समजावलं. डॉक्टर येऊन सांगून गेले की आज टाळलं तर पुढं धोका वाढेल. काकू ढिम्म हलल्या नाहीत. मग त्यांनी सरांकडे पाहिलं आणि माहेरच्या अहिराणीत, अगदी लहान पोरीसारखं विचारलं, “मी घर येसू ना?”

मी मनात म्हटलं, झालं! आता हा माणूस आय होप म्हणणार, आणि सगळं संपणार. सरांचं तोंड नुसतं हलत होतं. मग ते पलंगापाशी गेले, दांडीवरचा काकूंचा हात सोडवून स्वतःच्या हातात घेतला, आणि म्हणाले, “माले माहीत शे. तू घर येशी.”

अगं बाई! इतकी वर्षं समोर राहते मी, सरांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द ऐकला नव्हता. आणि माहीत? कशावरून? कोणी पाहिलं होतं? मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. काकूंनीही त्यांच्याकडे डोळे फाडून पाहिलं. मग त्या स्ट्रेचरवर जाऊन पडल्या.

दार बंद झाल्यावर सर बाकावर बसले. मांडीवर काकूंच्या हिरव्या बांगड्या रुमालात बांधलेल्या. मी शेजारी टेकले, तर म्हणाले, “ताई, आयुष्यात पहिल्यांदा बिनपुराव्याचं बोललो.”

“असू द्या हो, सर.”

“असू द्या कसं? ती बाहेर आली, तरच ते वाक्य खरं.” त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. “आली नाही, तर तिच्याशी शेवटचं बोललो तेच खोटं.”

बातम्या पोचवणारी मी, पण त्या दिवशी माझ्याकडे एकही बातमी नव्हती. चहा आला, निवला, साय धरली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढत म्हणाले, “झालं ऑपरेशन. आय थिंक, शी विल बी...” त्यांना पुढे बोलू न देता सरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “थिंक चालेल हो डॉक्टर! थिंक पुष्कळ आहे!” आणि हा करडा मास्तर भर पॅसेजमध्ये ओक्साबोक्शी रडला. मला तो धक्का अजून पचलेला नाही.

काकू घरी आल्यात. दुपारी गॅलरीत ऊन घेत बसतात. कोणी खालून विचारलं, “काय काकू, बरं वाटतंय का?” तर सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतात, “आय थिंक!”

मग स्वयंपाकघरातून, मेथी निवडता निवडता, सरांचा आवाज येतो, “माले माहीत शे!”

कशावरून, असं अजून आमच्यापैकी कोणी विचारलेलं नाही.