हिरडाबाईंचा गळा

हिरडाबाई आमच्या शेजारी राहायला आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा गळा साफ केला, तेव्हा माझी आई हातातला झाडू टाकून त्यांच्या अंगणात धावली होती. कुणाला तरी पान लागलं, म्हणजे साप चावला, अशी तिची खात्रीच झाली होती. बघते तर एक गोरीपान, थोराड, पांढऱ्या केसांची बाई फ्लॉवरच्या रानाकडं तोंड करून, दोन्ही हात पोटावर ठेवून "आ" करत उभी. आईला बघून ती थांबली नाही. तिनं हातानं बसा अशी खूण केली आणि तो "आ" आणखी एक पायरी वर नेला.

खरं नाव हिल्डेगार्ड. तळेगाव ढमढेऱ्यात ते कुणाच्या जिभेवर टिकणार? आठवडी बाजारात पोचेपर्यंत त्याचं हिरडाबाई झालं. हिरडा गळ्याला चांगला असतो असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ते पक्कं केलं.

नवरा, म्हणजे बबनआप्पा, आमच्याच गावचे. तरुणपणी वेल्डर म्हणून जर्मनीला गेले आणि कारखाना सुटल्यावर तिथल्या एका नाटकघरात पडद्यांचे दोर ओढायला लागले. हिरडाबाई त्याच नाटकघरात गायच्या. तिकडं अख्खं नाटक गाऊनच करतात. चहा घेणार का, हेसुद्धा गाऊन विचारतात म्हणे. पण हिरडाबाईंचा आवाज खालच्या पट्टीतला. त्यामुळं उभी हयात दुसऱ्यांच्या आया, मोलकरणी आणि चेटकिणी करण्यात गेली. "उंच आवाजाची मरते, खालच्या आवाजाची दार उघडते," असं त्या आपल्या नोकरीबद्दल सांगतात.

मराठी त्या आप्पांकडून शिकल्या, त्यामुळं बोलतात पुरुषासारखं. मी आलो, मी जेवलो. आईनं एकदा सहज विचारलं, इतकी वर्षं नाटकात होतात तर एकदाही मेला नाहीत का. तर म्हणाल्या, "एकदाच. मोठी बाई आजारी पडली, म्हणून मी मेलो."

त्या रात्रीच्या खेळात हिरडाबाई मरत असताना मागचा चंद्र हळूहळू मावळायचा होता. त्याचा दोर आप्पांच्या हातात. पण त्यांना असं काही भरून आलं की चंद्र तिथंच लटकत राहिला. दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला गेले आणि लग्न ठरवून परत आले. आप्पा ही गोष्ट सांगताना म्हातारपणीही डोळे पुसायचे, आणि हिरडाबाई म्हणायच्या की चंद्रानं माझं मरण खराब केलं.

सुराच्या बाबतीत या बाईकडं दयामाया नाही. भजनी मंडळात एकदा हौसेनं गेल्या आणि पहिल्याच अभंगात हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पेटीचा एक सूर उतरलेला होता. बुवा म्हणाले, देवाला चालतंय. "देवाला चालतं, मला नाही," म्हणाल्या आणि पेटी दुरुस्तीला पाठवल्याशिवाय उठल्या नाहीत. नणंदेला, वत्सलाआत्यांना, भेटायला दौंडला गेल्या की पुण्याच्या डेमू गाडीचा भोंगाही त्यांना खुपतो. आत्यांचे यजमान रेल्वेत होते, त्यामुळं त्या भोंग्याचा जाब हिरडाबाई त्यांनाच विचारायच्या.

गावानंही त्यांना सांभाळून घेतलं. मात्र भेटेल तो एक प्रश्न हटकून विचारायचा, "मग आता परत कवा?" वाईट हेतू नसायचा. आपल्याकडं पाहुण्याला विचारतात तसंच. पण हिरडाबाईंचा चेहरा उतरायचा. इथं घर बांधलं, लिंबाची झाडं लावली, तरी आपण पाहुण्याच, हे त्यांना लागायचं.

गेल्या थंडीत आप्पा दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. दौंडहून वत्सलाआत्या आल्या आणि फाटकापासूनच त्यांनी भावासाठी गळा काढला. आप्पांचा एकेक गुण घेऊन त्या रडत होत्या. बायका त्यांना धरून रडत होत्या. हिरडाबाई मात्र ताठ बसून. डोळ्यांत टिपूस नाही. मागं कुजबुज सुरू झाली, गोरी माणसं, त्यांना काय वाटतंय.

आईला ती कुजबुज सहन झाली नाही. शिवाय दुःख छातीत अडकलं तर माणूस खचतं, ही तिला खरी काळजी. ती जवळ जाऊन म्हणाली, "बाई, गळा काढा. आप्पास्नी न्यायच्या आदी गळा काढा."

हिरडाबाईंनी वर बघितलं. "आत्ता?"

"व्हय. मोकळ्या व्हा."

त्या उठल्या. पाय रोवले, हात पोटावर ठेवले, श्वास घेतला आणि गायला लागल्या.

इतक्या वर्षांत आम्ही त्यांचा नुसता "आ" ऐकला होता. गाणं हे पहिलंच. शब्द एक कळत नव्हता. तिरडी बांधणारे सुतळी हातात धरून तसेच उभे राहिले. वत्सलाआत्या रडायच्या थांबल्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी कोरेगाव भीमाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, माझ्या अंगावर सहसा काही येत नाही. गाणं संपल्यावर हिरडाबाई आप्पांकडं बघून खाली बसल्या. "झालं. आता न्या." मग मात्र सगळं अंगण रडलं, कुजबुजणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त.

दहावा झाल्यावर आईनं त्यांना हळूच सांगितलं की गळा काढणं म्हणजे मोठ्यानं रडणं. हिरडाबाई लाल झाल्या. "मग मी चुकलो?" आई न्हाई म्हणाली. पण त्या शब्दानं त्यांना घेरलंच. कोण कुणासाठी काढतं? आई सांगत गेली, लेक आईसाठी काढती, बहीण भावासाठी. हिरडाबाईंना मूल नाही. बहीण होती, ती तिकडंच वारली. राहिला तिचा मुलगा, तो रोज फोन करून म्हणत होता, मावशी, आता तिथं तुझं कोण आहे, परत ये.

एका संध्याकाळी दोघी आमच्या ओट्यावर वाटाणे सोलत होत्या. मी शिफ्टवरून येऊन बूट काढत होतो. हिरडाबाई म्हणाल्या की भाचा तिकीट काढतो म्हणतोय. थोड्या वेळानं, मान खाली घालूनच, त्यांनी विचारलं, "ताई, माझ्यासाठी गळा कोण काढणार? तिकडं कोण नाही. इकडं पण नाही."

आईचे हात थांबले नाहीत. "मी हाय की. मी काढीन."

हिरडाबाईंनी तिच्याकडं बघितलं. डोळे भरले होते, पण सवय कुठं जाते? "पण ताई, तुम्ही बेसूर."

"तवा तुम्ही कुठं ऐकायला असणार हाय?"

हिरडाबाई विचारात पडल्या. मुद्दा बरोबर होता, पण त्यांना पटला नाही. शेवटी पदरातल्या शेंगा बाजूला सारून उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी या. उपाशीपोटी."

तेव्हापासून आई रोज पहाटे तिकडं जाते आणि आमच्या म्हशीची धार मला काढावी लागते. आता रानाकडं तोंड करून दोघी उभ्या असतात. एक "आ" सरळ जातो आणि दुसरा त्याच्या आसपास कुठंतरी भटकतो. आईला सूर अजून लागलेला नाही. तो लागेपर्यंत मला इथून कुठंही जाता येणार नाही, असं हिरडाबाईंनी भाच्याला कळवून टाकलंय.