तंबूपुरती जागा

मिहीर गद्रे याला एका रात्रीपुरती तंबूएवढी जमीन हवी होती. मागणी मोठी नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात समुद्र आहे, डोंगर आहेत, नजर पोचणार नाही एवढे कातळाचे सडे आहेत, आणि त्या सगळ्यावर अंधार पडल्यानंतर मुख्यत्वे कोल्हे हिंडतात. तेव्हा एका पुणेकराला आडवं व्हायला जागा मिळेल असं त्याला वाटलं, यात त्याची काही चूक नव्हती.

पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत शक्यतो डांबराला चाक न लावता मोटारसायकलने जायचं, असा मिहीरचा संकल्प होता. ‘डांबर म्हणजे तडजोड’ हे वाक्य तो आपल्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला जाड अक्षरांत टाकायचा. तळेऱ्याला महामार्ग सोडल्यावर पुढचा एक रस्ता नकाशात डांबरी दाखवला होता, म्हणून त्याने तो निश्चयाने टाळला आणि शेजारच्या बैलगाडीच्या वाटेने गेला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याला कळलं, की टाळलेला रस्ता या वाटेपेक्षा कितीतरी खडतर होता. त्याला मनापासून हळहळ वाटली.

वेळकोंडच्या किनाऱ्यावर तो पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. सुरूचं बन, बनापुढे वाळू, वाळूपुढे समुद्र, आणि मध्ये कुणीही नाही. मिहीरने तंबूची पिशवी उघडली मात्र, शिट्टी वाजली.

शिट्टी दत्तारामची होती. दत्ताराम हा किनाऱ्यावरचा सुरक्षारक्षक. शिट्टी हातात असली की तो कचेरीतलं मराठी बोलायचा. ती छातीवर लोंबायला लागली की मालवणी.

“येथे झोपण्यास मनाई आहे,” तो म्हणाला.

“बसायला?”

“बसण्यास हरकत नाही.”

“आडवं पडायला?”

दत्तारामने विचार केला. “आडवे पडू शकता. डोळे मिटता येणार नाहीत.”

“आणि मिटले तर?”

“तर ती झोप आहे किंवा कसे, हे ठरवण्याचे अधिकार मला नाहीत. वर कळवावे लागेल.” मग त्याने शिट्टी सोडली. “अरे, कित्याक रेवेत झोपतंस? भरतीचा पाणी तुका घेवन जातला. पंचायतीत जा. मॅडम अजून आसत थंय.”

सारिका मॅडम या वेळकोंडच्या ग्रामपंचायत अधिकारी. मिहीर पोचला तेव्हा त्या पर्स खांद्याला अडकवून दाराचं कुलूप शोधत होत्या. तरीही त्यांनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. नागरिकाचं ऐकून घेतलं पाहिजे, यावर त्यांचा विश्वास होता. त्यापुढे काही केलं पाहिजे, असं मात्र कुठे म्हटलेलं नव्हतं.

“तंबूला खुंट्या असतात?” त्यांनी विचारलं.

“असतात.”

“जमिनीत ठोकता?”

“हो.”

“मग तो पाया झाला. पाया आला की बांधकाम आलं. किनाऱ्यावर बांधकामाला परवानगी नाही.”

“मी खुंट्या ठोकतच नाही.”

“मग ते बांधकाम नाही, वस्तू आहे. सार्वजनिक जागी रात्रभर पडून राहिलेली वस्तू बेवारस धरतात. पोलिसांना कळवावं लागतं.”

“पण मॅडम, मी आत असेन!”

“म्हणजे बेवारस वस्तूत अनोळखी इसम,” मॅडम खिन्नपणे म्हणाल्या. “ते तर आणखीच वाईट. तुम्ही लॉजवर का जात नाही?”

“मला निसर्गात राहायचं आहे.”

“निसर्ग सूर्यास्तापर्यंतच असतो,” मॅडम म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांना कुलूप सापडलं.

पंचायतीच्या ओसरीवर गुरुदास बसला होता. त्याची सड्यावर आंब्याची बाग होती आणि बागेपर्यंत रस्ता व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षं पंचायतीत येत असे. अर्ज करणं त्याने केव्हाच सोडलं होतं. आता तो नुसता येऊन बसायचा, आणि कार्यालय बंद झालं की उठायचा. त्याने हे सगळं संभाषण ऐकलं होतं.

“चल रे माझ्या बागेत,” तो मिहीरला म्हणाला. “थंय मांगर आसा. तंबू कित्याक होयो?”

बागेकडे जाणारी वाट पाहून मिहीरला भरून आलं. सुटे जांभे दगड, मध्येच ओहोळ, एके ठिकाणी तर वाटच नाही. “ही अशीच ठेवा हं, काका,” तो म्हणाला. गुरुदास एक सुटा दगड पायाने बाजूला सारून पुढे चालू लागला. आंब्याच्या पेट्या त्याला याच वाटेने डोक्यावरून उतरवाव्या लागत.

वर कलमं मोहरली होती आणि झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता. मांगर म्हणजे राखणीला येणाऱ्या माणसाने राहायची कौलारू खोली. तिच्यात खाट होती, दिवा होता, पंखासुद्धा होता. मिहीरने हे सगळं नम्रपणे नाकारलं. मांगरात झोपणारा माणूस पाहुणा ठरतो. तंबूत झोपणारा साहसी प्रवासी. मांगर दिसणार नाही अशा कोनात त्याने तंबू ठोकला. शेकोटी मात्र गुरुदासने पेटवू दिली नाही, मोहर करपतो म्हणून. मिहीरने फार वाद घातला नाही. शेकोटी नंतर कॉम्प्युटरवर घालता येते.

गुरुदासची बायको सुगंधा घरून भात, कुळथाची पिठी आणि तळलेले बांगडे घेऊन आली. मिहीर दोनदा वाढून घेऊन जेवला. मग त्याने आपला तळहाताएवढा स्टोव्ह काढला, पाकिटातल्या शेवया उकळल्या, ‘रानात जगायचं तर स्वतःचं अन्न स्वतः शिजवता आलं पाहिजे’ असं कॅमेऱ्याला सांगितलं आणि शेवया बागेतल्या कुत्र्याला घातल्या. कुत्र्याने त्या खाल्ल्या नाहीत.

सकाळी त्याने ड्रोन उडवला. “काका, जरा बाजूला होता का? माणूस दिसला की जागा अस्पर्श वाटत नाही.”

गुरुदास आपल्याच बागेत आधी एका झाडाआड झाला. ड्रोन वर गेल्यावर तिथेही तो दिसू लागला, म्हणून मग मांगरात जाऊन बसला.

व्हिडिओचं नाव होतं ‘कोकणातली कुणालाही ठाऊक नसलेली जागा’. अशा जागांचा पत्ता जाहीर करायचा नाही, हे मिहीरचं तत्त्व होतं. नकाशावरची खूण तो फक्त विश्वासातल्या माणसांना देत असे, आणि जो कुणी त्याच्या चॅनेलचा सदस्य होई, त्याच्यावर तो विश्वास ठेवत असे. लवकरच त्याच्या विश्वासातली माणसं लाखाच्या वर गेली.

पुढच्या हंगामात कलमांखाली इतके तंबू लागले, की दुसऱ्याचा तंबू न येता आपला फोटो काढायला लोकांना रांग लावावी लागली. प्रत्येक जण गर्दीपासून दूर आला होता आणि बाकीचे इथे का आले, हे त्याला कळत नव्हतं. ‘मागे फक्त पाऊलखुणा ठेवा’ असं छापलेले स्टिकर त्यांनी झाडांना चिकटवले. लागलेल्या कैऱ्या तोडून ‘रानमेवा’ म्हणून खाल्ल्या. सुगंधा एकदा रागावली, तेव्हा तिचाही फोटो काढला.

मग प्रशासनाने दखल घेतली. इतके लोक जिथे बेकायदा मुक्काम करतात, तिथला मुक्काम कायदेशीर करण्यावाचून गत्यंतर नसतं. जागा ‘साहसी तंबू मुक्काम केंद्र’ म्हणून घोषित झाली. जमीन खाजगी होती, पण लोकांच्या भावना सार्वजनिक होत्या. गुरुदासची संमती तर घ्यायला हवी, ती घ्यायला सारिका मॅडम स्वतः त्याच्या घरी गेल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “रस्ता हवा ना?”

गुरुदास एका दमात हो म्हणाला. पुढचं त्याने ऐकलंच नाही.

रस्ता झाला. पायथ्याला फलक लागला: ‘खडतर ऑफरोड मार्ग. काँक्रिटीकरण पूर्ण.’ तंबूंना ऊन लागू नये म्हणून पत्र्याची छपरं आली, छपरांना आधार हवा म्हणून भिंती आल्या, आणि भिंतींच्या आत तंबू आले. आतल्या माणसांना तारे दिसेनात, म्हणून छपरांना आतून तारे रंगवण्यात आले. दत्तारामची नेमणूक किनाऱ्यावरून इथे झाली, शिट्टीसकट.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून मिहीरला बोलावलं. तो वातानुकूलित गाडीने आला. मोटारसायकल टेम्पोतून आली आणि शेवटच्या वळणावर उतरवली गेली. चाकांना चिखल असल्याशिवाय तो व्हिडिओ काढत नसे आणि काँक्रीटवर चिखल होईना. तेव्हा पंचायतीने पाण्याचा टँकर मागवला. त्या दिवशी वाडीत पाणी आलं नाही.

मंडपाच्या कडेला गुरुदास उभा होता. आंबा तयार होत आला होता. या दिवसांत तो रात्री मांगरात झोपून राखण करायचा, त्याचा बापही करायचा. आदल्या संध्याकाळी दत्तारामने शिट्टी वाजवून त्याला घरी पाठवलं होतं.

“मॅडम, बाग माझी,” गुरुदास सारिका मॅडमना म्हणत होता. “मी राखणेक झोपतंय. कोणाक त्रास देणंय नाय.”

“तुम्ही पर्यटक आहात का?”

“नाय.”

“मग मुक्काम करता येणार नाही. हे ठिकाण पर्यटकांच्या मुक्कामासाठी राखीव आहे.”

“मगे मी पर्यटक होतंय.”

“पर्यटकाचा पत्ता जिल्ह्याबाहेरचा लागतो, गुरुदास. तुमचा पत्ता तर इथलाच आहे.” हे बोलताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. “तुमचं म्हणणं मला पटतं. पण एका स्थानिकाला झोपू दिलं तर उद्या सगळेच स्थानिक झोपतील.”

“आणि चोर इले तर?”

“केंद्राच्या आवारात चोरी करण्यास मनाई आहे. तसा फलक लावला आहे.”

तेवढ्यात गुरुदासला मिहीर दिसला. त्याचा चेहरा उजळला. त्याने पुढे होऊन मिहीरचा हात धरला. “मिहीर, तू तरी सांग रे तेंका. तू पयलो इल्लंस तेव्हा तुका कोणीच जागा दिल्यान नाय. मीच आणलंय तुका हय. सांग, ही बाग कोणाची ती.”

मिहीरला ती संध्याकाळ आठवली. सांगायला काहीच अवघड नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ही जागा त्याने शोधून काढली, म्हणून तर तो पाहुणा होता. तो पंचायतीच्या दारात पिशवी घेऊन उभा होता आणि एका माणसाने दया येऊन त्याला आपल्या बागेत नेलं, हे माइकवरून कसं सांगायचं? त्याने गुरुदासचा हात दाबला, “बघतो काका,” म्हणाला आणि मंचावर चढला.

भाषण चांगलं झालं. स्थानिकांचा सहभाग असल्याशिवाय पर्यटन अपुरं आहे, असं तो म्हणाला. राखणदाराची परंपरा जपली पाहिजे, असंही म्हणाला. टाळ्या पडल्या आणि सूचनेवर तिथल्या तिथे अंमल झाला. गुरुदासने मांगरात रोज कार्यालयीन वेळेत, कांबळं खांद्यावर टाकून, हातात काठी घेऊन बसावं. पर्यटकांना अस्सल राखण पाहता येईल. सूर्यास्ताला त्याने घरी जावं. चोर दिवसा येत नाहीत, ही अडचण कुणी काढली नाही.

दुपारी सुगंधाने मिहीरला जेवायला बोलावलं. तो नाही म्हणायची कारणं शोधत होता, पण ती पान वाढूनच थांबली होती. तेच बांगडे, तीच पिठी. गुरुदास घरापुढच्या खळ्यात पाठ करून बसला होता.

“तुझो व्हिडिओ बघलंय मी,” सुगंधा म्हणाली. “बरो काढलंस. झाडा दिसली, दर्यो दिसलो, आमचो कुत्रो पण दिसलो. आमीच खंय दिसाक नाय.”

मिहीर मान खाली घालून जेवत राहिला.

“जेव रे, लाजू नको,” तिने आणखी भात वाढला. “आता कोण नाय बघूक.”

त्या हंगामात अर्ध्या बागेतला आंबा चोरांनी रातोरात उतरवून नेला. शेवटी गुरुदासने शरण जाऊन राखणीला नेपाळहून आलेलं एक जोडपं ठेवलं. त्यांचा पत्ता जिल्ह्याबाहेरचाच काय, देशाबाहेरचा होता. त्यांना मांगरात मुक्कामाची परवानगी तत्काळ मिळाली. केंद्राच्या अहवालात त्यांची नोंद ‘परदेशी पर्यटक, दीर्घ मुक्काम’ अशी झाली, आणि परदेशी पाहुण्यांना इतके दिवस खिळवून ठेवल्याबद्दल केंद्राला पुरस्कार मिळाला. दत्ताराम आता त्या दोघांना सकाळी सलाम करतो. गुरुदास कार्यालयीन वेळेत कांबळं पांघरून बसतो आणि रात्री घरी पंख्याखाली जागा राहतो.

पुरस्काराची बातमी मिहीरने कर्नाटकात एका खाडीकाठी वाचली. तो तिथे तंबूला जागा शोधत होता. त्याने बातमीला अंगठा दिला, मोबाइल खिशात टाकला आणि समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “आजोबा, इथे रात्री थांबलं तर चालेल का?”

राहता राहिलं वेळकोंड. ते गाव नकाशात सापडणार नाही. या गोष्टीसाठी ते रचलेलं आहे. हे तुम्हाला आधीच कळलं असेल, कारण मघाशी मध्येच थांबून तुम्ही ते मोबाइलवर शोधलंत. गाव मिळालं नाही, पण कुणकेश्वरच्या पुढे कुठेतरी झाडीतला एक हिरवा, निवांत तुकडा तुमच्या नजरेस पडला. घर नाही, रस्ता नाही, समुद्र जवळ. तुम्ही तिथे बोट दाबून खूण करून ठेवलीत. तो तुकडा कुणाचा आहे, याचा विचार तेवढ्या घाईत तुमच्या मनात आला नाही, एवढंच.