हळदीत न अडकणारं मशीन

आमच्या पाटोद्यात नवे तहसीलदार साहेब रुजू झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारात हमीदभाई कॅमेरा गळ्यात घालून स्टेजवर चढले आणि त्यांनी दोन बोटांनी साहेबांची हनुवटी खाली केली. "साहेब, हनुवटी खाली. नाकातलं दिसायलंय." लोक आठवडाभर खूश होते. हमीदभाईंना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, हनुवटी वर ठेवणारी आणि सांगितल्यावर खाली घेणारी. गेली पंधरा वर्षं मी त्यांचा शेजारी आहे आणि अजून पहिल्याच प्रकारात मोडतो.

बाजारतळाच्या कडेला त्यांचा फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या. भाभी जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी शबाना परभणीला दिली आहे, ती ईदेला येते. बाकीचं वर्ष हमीदभाई आणि त्यांचा कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर इतका जुना, की तो सुरू करून हमीदभाई दाढी करायला जात आणि दाढी उरकून आले तरी तो अजून सुरूच होत असे. कुठल्या कामाला किती वेळ लागला, हे ते घड्याळात सांगत नसत, चहात सांगत. एकदा सहज विचारलं, पाटलांच्या लग्नाची फिल्म झाली का? म्हणाले, "अकरा चहा झाले सर, अजून मंगलाष्टकंच चाललीत."

या कॉम्प्युटरचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो गयाबाईंना. गयाबाई जवळच्या वाडीवरून दर बाजाराला गावरान अंडी घेऊन येतात. मुलगा-सून ऊसतोडीला जातात, शिरूर कासारकडे दिलेली लेकही नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते, आणि घरातला एकुलता एक फोन मुलाच्या खिशातून निघून जातो. मग अंडी संपली की गयाबाई स्टुडिओतल्या स्टुलावर येऊन बसतात आणि लेकीच्या लग्नातली हळद बघतात. हळद सात मिनिटांची. पण गयाबाईंचा हात हळद घेऊन लेकीच्या गालाकडे निघाला की मशीन अडकायचं. हात हवेत, लेक डोळे मिटून बसलेली. हमीदभाई चहा सांगायचे. चहा संपेस्तोवर चित्र चार बोटं पुढे सरकायचं आणि पुन्हा अडकायचं. सात मिनिटांच्या हळदीला तास लागायचा.

"कावून आडकतंय भाऊ, नेमका माझा हात गेला की?" गयाबाई दर बाजाराला विचारायच्या. हमीदभाई चेहरा असा करायचे, जणू तो हात त्यांनीच धरून ठेवला आहे.

शेवटी दिवाळीच्या आधी त्यांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उभी राहणार होती, हेही कारण होतंच. पण मला म्हणाले, "सर, मशीन कोणतं बी घ्या. गयाआक्काचा हात पोरीच्या गालापर्यंत पोचला पायजे. बाकी मला काय कळत न्हाई." मी शाळेची माहिती ऑनलाइन भरतो, एवढ्या भांडवलावर गल्लीने मला कॉम्प्युटरमधला जाणकार ठरवलेलं आहे. मीही ते कधी नाकारलेलं नाही.

आम्ही एसटीने बीडला गेलो. हमीदभाईंच्या पिशवीत दोन वस्तू होत्या, गयाबाईंच्या लेकीची हळद असलेला पेनड्राइव्ह आणि खऱ्या हळदीची पुडी.

दुकानदाराने सगळ्यात आधी एक काचेची पेटी दाखवली. आत पंखे लाल, निळे, हिरवे होऊन फिरत होते. हमीदभाईंनी तिला एक फेरी मारली आणि विचारलं, हे मशीन हाय का वरातीची गाडी? मग साधी काळी पेटी आली. तिच्यावर त्यांनी कान टेकवला आणि डोळे मिटून पंख्याचा श्वास ऐकला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान डोलावली.

रॅमवर बराच वेळ गेला. दुकानदार म्हणाला, सोळा जीबी पुष्कळ झाली. हमीदभाईंनी हिशेब मांडला, "हळदीला शंभर बाया असत्यात. सोळा कशा पुरतील?" बायांचा आणि जीबीचा संबंध नाही, हे आम्ही दोघांनी परोपरीने समजावलं. मग दुकानदारालाच आठवलं, की मोठ्या व्हिडिओच्या कामाला बत्तीस असलेली बरी. बत्तीस ठरली. हमीदभाईंच्या डोक्यात मात्र ती बायांसाठीच घेतलेली आहे.

मग त्यांनी पुडी सोडली. दुकानातल्या प्रत्येक मॉनिटरच्या पडद्यावर पेनड्राइव्हमधली हळद लावायची, चिमूटभर खरी हळद तळहातावर घ्यायची आणि पडद्याशेजारी हात धरून बघायचं. पहिल्या पडद्यावर हळद मोसंबीसारखी दिसली. दुसऱ्यावर पिठल्यासारखी. तिसरा पडदा सगळ्यात झगमगीत होता, त्यावर लेकीला कावीळ झालेली वाटली. चौथा जरा मवाळ होता. हमीदभाईंनी तळहात बघितला, पडदा बघितला, आणि म्हणाले, "ही आक्काच्या घरची हाय." तोवर दुकानदाराचा कीबोर्ड पिवळा झाला होता. त्याने तो शुभशकुन मानून घेतला, भला माणूस.

त्या पडद्याला ती काळी पेटी जोडली. हात उठला, गालापर्यंत गेला, अडकला नाही. हमीदभाईंनी तीनदा बघितलं. मग तीच हळद नव्याने फिल्म करून काढायला सांगितली. दुकानदाराने चहा सांगितला होता, तो यायच्या आत फिल्म तयार. अख्ख्या कामाला अर्धासुद्धा चहा लागला नाही, हे त्यांना येताना एसटीत कोणाकोणाला सांगू असं झालं होतं. पेटी त्यांच्या मांडीवर, पडदा माझ्या मांडीवर. घरी आल्यावर माझ्या बायकोने उरलेल्या पुडीतली हळद पेटीला लावली. हमीदभाई म्हणाले, लावा वैनी, जलमभर दुसऱ्यांच्या हळदीच बघायच्यात तिला.

बाजाराच्या दिवशी मी शाळा सुटल्याबरोबर स्टुडिओ गाठला. गयाबाई स्टुलावर बसल्या. हात उठला, गालाला लागला, लेक डोळे उघडून हसली. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोचला बया," एवढंच म्हणाल्या. हमीदभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मशीन मीच बनवलं होतं.

सात मिनिटांत हळद संपली आणि गयाबाई उठल्या. "लई झ्याक झालं भाऊ. आता येळ लागत न्हाई, साडेपाचची गाडी घावंल मला." टोपली उचलून त्या गेल्यासुद्धा. मागून चहा आला. हमीदभाई दोन्ही कप पुढ्यात घेऊन रिकाम्या स्टुलाकडे बघत बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या अडकणाऱ्या तासात दोघं आपापल्या लेकींबद्दल बोलत असत. आठवड्यात तेवढा एकच तास हमीदभाईंपाशी कोणीतरी निवांत बसत असे, आणि तो आम्ही बीडला जाऊन घालवून आलो होतो. मला फार वाईट वाटलं. गयाबाईंचा चहा मी प्यालो, पण गोड लागला नाही.

पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो. हळद लागली. गयाबाईंचा हात उठला, गालाकडे निघाला आणि हवेतच थांबला. उठून बघतो, तर टेबलाच्या आडोशाला हमीदभाईंचा अंगठा स्पेसबारवर होता.

"आडकलं वाटतं आक्का. नवं हाय, गरम व्हायला टाइम लागतो. बसा, चहा येतोय."

गयाबाईंनी तो अंगठा बघितला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी टोपली स्टुलाखाली नीट सरकवली आणि विचारलं, "शबाना कवा येणार हाय मग?"

मी जाणकार माणूस. सांगायला तोंड उघडलंच होतं.

"सर," हमीदभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "हनुवटी खाली."

मी खाली घेतली, आणि तिसरा चहा सांगितला.