तेराव्या पावतीची खोडी

आल्हादला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपला कोड उघडून कुणीतरी एकदा "वा!" म्हणावं. पगारवाढ नको, बढती नको, नुसतं "वा!"

आणि कोडही तसाच होता हो. सटाण्याचे कांदा व्यापारी भिकाशेठ यांच्या वजनकाट्याची पावती छापणारा. आल्हादने तो स्क्रीनवर चक्क कांद्याच्या आकारात मांडला होता. वर पात, खाली मुळं, आणि एक पापुद्रा संपला की आतला कामाला लागायचा. पण मेला चार वर्षांत एकदाही बंद पडला नाही, आणि नाशिकच्या त्या ऑफिसात चालता कोड उघडून बघायची रीत नव्हती. बायकोला दाखवला, तर वेदिका म्हणाली, "छान आहे. येताना खरे कांदे आण." रोज संध्याकाळी तो एकटाच कोड उघडायचा, बघत बसायचा आणि जड मनाने बंद करायचा.

बिघडल्याशिवाय कुणी बघणार नाही ना? मग बिघडवू! त्याने आत एक खोडी घातली. फक्त मंगळवारी, फक्त तेरावी पावती उलटी छापायची.

मंगळवारी फोन आला. "स्नेहाताई, हाई काय शे? पावती उलटी!"

"बंद करून चालू करा, शेठ," शेजारच्या टेबलावरून स्नेहा म्हणाली. चौदावी पावती अर्थातच सरळ आली. आल्हादने कपाळाला हात लावला.

भिकाशेठ मुरलेले व्यापारी. पुढच्या मंगळवारी फोन न करता त्यांनी जाहीर केलं, "उलटी पावती ज्याला, चहा-भजी त्याला!" मग काय, बारावा नंबर आला की शेतकरी एकमेकांना "तुम्ही व्हा पुढं, आप्पा" म्हणू लागले. चौथ्या मंगळवारी तेराव्या नंबरासाठी दोन ट्रॅक्टर एकदमच काट्यावर चढले. काटा वाकला.

आता मात्र ऑफिसच्या मालकीण ज्योत्स्ना मॅडमनी स्वतः कोड उघडला. आल्हाद मागे टाचा उंचावून उभा. आता म्हणतील, आता म्हणतील!

"अगं बाई! हे काय वेडंवाकडं?" मॅडमनी एक बटण दाबलं आणि सगळ्या ओळी प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या सरळ झाल्या. आल्हादला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी केबिनमधून आवाज आला, "वा!"

आल्हाद धावत गेला.

"ही चूक बघ! कुठे मंगळवार लिहिलेला नाही, कुठे तेरा नाही. इथली बेरीज तिथल्या वजाबाकीला भेटली की पावती उलटते. काय डोकं आहे! वीस वर्षांत असलं पाहिलं नाही. चुकून होत नाही हे. ज्याने केलं त्याच्याशी हात मिळवीन, आणि त्याच हाताने राजीनामा लिहून घेईन."

"कोण असेल, मॅडम?"

"त्या कोडला हात लावणारे तुम्ही दोघंच. आणि तुझ्याच्याने काही हे होणार नाही. स्नेहाला बोलाव."

आल्हाद दारापर्यंत गेला. नोकरी आठवली, वेदिका आठवली. स्नेहाची समजूत मागाहून काढता आली असती. पण तो परत फिरला, शर्टाला हात पुसून पुढे केला.

"मॅडम, आधी ते 'वा' पुन्हा एकदा म्हणा ना."