विलायती ससाणा आणि गोदा टिटवी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, फक्त ससाणा नव्हता.

नव्हता म्हणून कुणाचं काही अडलं होतं असं नाही. पलीकडच्या डोंगरावर घारी राहत. त्या अधूनमधून यायच्या आणि जमिनीवरची पिल्लं उचलायला बघायच्या. पण माळावर गोदा नावाची एक टिटवी होती. आभाळात लांबवर घार दिसली रे दिसली की ती ओरडायला लागायची. आवाज अगदी कानठळ्या बसवणारा. तो ऐकला की माळावरची सगळी पिल्लं जिथल्या तिथे दबून बसत आणि मातीत दिसेनाशी होत. मग बाभळीवरून रामोजी कोतवाल उठायचा. कोतवाल म्हणजे तो काळा, दुभंगलेल्या शेपटीचा लहानसा पक्षी. तुम्ही तो तारेवर बसलेला पाहिला असेल. तो सरळ घारीच्या डोक्यावर जाऊन टोचायला लागायचा. घार त्याच्या कितीतरी पट मोठी, पण वैतागून परत फिरायची.

या सगळ्याला काही खर्च येत नसे. त्यामुळे ही संरक्षणव्यवस्था आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एकदा सिंहमहाराज आसपासच्या जंगलांच्या परिषदेला गेले. जेवताना एका राजाने सहज विचारलं, तुमच्याकडे कुठला ससाणा आहे? महाराजांनी सांगितलं, आमच्याकडे कोतवाल आहे. कुणी हसलं नाही. फक्त शेजारी बसलेल्या वाघाने महाराजांच्या पानात आणखी एक तंगडी वाढायला सांगितली. ती दया महाराजांना फार लागली. परत आल्यावर त्यांना अन्न गोड लागेना.

झालं, ससाणा घ्यायचा ठरला. तोही विलायती, कारण देशी ससाणा घेतला तर तो घेतल्यासारखा वाटत नाही.

ससाण्यांचा व्यापार एक करकोचा करत असे. तो दर हिवाळ्यात परदेशातून यायचा. पांढराशुभ्र, लांब पायांचा, बोलायला अतिशय नम्र. त्याच्याशी बोलणी करायला महाराजांनी एक समिती नेमली आणि तिच्यावर घोरपडीला बसवलं. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. समिती इतकी चालली की करकोच्याचे कितीतरी हिवाळे त्यात गेले. नमुना म्हणून दाखवायला आणलेला ससाणा म्हातारा झाला. करकोच्याने तोच दिला, आणि किंमत मात्र तरुणाची लावली.

करार असा होता. जंगलाने उंबरांचा सगळा बहर करकोच्याला द्यायचा, पुढच्या सालांचासुद्धा. करकोच्याने ससाणा द्यायचा. नखं त्यात धरलेली नव्हती. नखांचा करार वेगळा, तो सवडीने. ससाणा करकोच्याच्या मित्रांवर सोडायचा नाही, आणि आपले मित्र कोण हे करकोचा वेळोवेळी कळवणार होता.

एका मुद्द्यावर मात्र घोरपड अडून बसली. ती म्हणाली, काहीतरी इथेच बनलं पाहिजे. करकोच्याने बराच विचार केल्यासारखं केलं आणि ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची टोपी सुगरणीने विणावी असं कबूल केलं. पोपटांनी ही बातमी झाडोझाडी सांगितली. विलायती ससाण्याच्या डोळ्यांवरची झापड संपूर्ण स्वदेशी आहे, हे ऐकून सगळ्यांचा ऊर भरून आला. ती घातल्यावर त्याला दिसत नसे हे खरं. पण काढून ठेवली तर ती लोकांना दिसणार कशी?

अस्वलाने एवढंच विचारलं की उंबरं गेल्यावर आपण खायचं काय. त्याच्यात देशप्रेम कमी असल्याचं आढळून आलं.

ससाणा आला त्या दिवशी जंगलात तोरणं लागली. माकडांनी ढोल वाजवले. हरणांनी ओवाळलं. एका उंच दगडावर त्याची स्थापना झाली. ससाणा खरोखर देखणा होता, मुलांनो. त्यात खोटं काही नाही.

मग त्याच्या गरजा कळायला लागल्या. त्याला ऊन चालत नसे, धूळ चालत नसे, इथले उंदीर चालत नसत. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे त्याला मोठा आवाज चालत नसे.

घोरपड स्वतः चालत माळावर गेली आणि गोदाला म्हणाली, "गोदाबाई, तुम्हाला आता ओरडता येणार नाही."

"आणि घार आली तर?"

"तर मला येऊन सांगायचं. हळू आवाजात."

गोदाला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. तिला उलट हलकं वाटलं. जन्मभर आभाळाकडे बघून तिची मान अवघडली होती. आता बघायला दुसरं कुणीतरी आहे, आणि तेही विलायती, याचा तिला अभिमानच वाटला.

इतका मौल्यवान ससाणा उघड्यावर कसा ठेवायचा, हाही प्रश्न होताच. त्याला कुणी चोरलं तर? कुणी टोचलं तर? म्हणून रामोजी कोतवालाला बाभळीवरून हलवून ससाण्याच्या पहाऱ्यावर नेमलं. त्याला लाल पट्टा मिळाला. सावली मिळाली. दगड सोडून हलायचं नाही, एवढंच काम. रामोजी खुलला. जाता येता तो पट्टा नीट करायचा.

त्याच सुमारास गोदाला पिल्लं झाली. ती मातीच्या रंगाची, काटकुळ्या पायांची. गोदा त्यांना लांबून तो उंच दगड दाखवायची. एक दिवस ससाणा आपल्या डोक्यावरून जाईल, असं सांगायची. थोरल्या पिल्लाला तर त्याचा ध्यासच लागला. सावली कशी पडेल, पंख केवढे असतील, असं ते रोज विचारायचं. गोदा हौसेने सांगायची. घार आली की दबून बसायचं, हे शिकवायचं मात्र तिच्याकडून राहिलं. ते शिकवायचं तर ओरडूनच शिकवावं लागतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. अख्खं जंगल दगडाभोवती जमलं. ससाण्याच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, डोक्यावर हळदकुंकू वाहिलं, पायात लिंबू-मिरची बांधली. ससाणा टोपीखाली शिंकत होता. महाराजांनी आरती धरली.

तेवढ्यात गोदाला डोंगरावरून निघालेली घार दिसली.

तिने चोच उघडली आणि मिटली. धावत ती गर्दीतून वाट काढत घोरपडीजवळ पोचली आणि हळू आवाजात म्हणाली, की घार येते आहे. घोरपडीने तिला गप्प राहायची खूण केली. आरती संपल्यावर ती कानात म्हणाली, "आज नवमी आहे, गोदाबाई. पुजलेलं हत्यार आज हलवत नाहीत. उद्या बघू."

माळावर सावली पडली. थोरलं पिल्लू ती बघून आनंदाने उघड्यावर पळत आलं. मान वर करून उभं राहिलं. त्याला वाटलं, आपला ससाणा आला.

गोदा तेव्हा ओरडली. सगळे नियम विसरून, जीव तोडून ओरडली. धाकटी पिल्लं कशी कोण जाणे, जन्मात पहिल्यांदा ऐकूनही दबून बसली. थोरलं उचललं गेलं होतं.

दगडावर वेगळाच गोंधळ उडाला होता. ओरडण्याने दचकून ससाणा माळांसकट खाली पडला होता. त्याचं एक पीस मोडलं होतं. सगळं जंगल तिकडे धावलं. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकशी झाली. पीस कशाने मोडलं, याचा कसून शोध घेतला गेला आणि दोष गोदाचा ठरला. पण महाराज मोठ्या मनाचे. त्यांनी तिला समज देऊन सोडलं. पिल्लाचा विषय निघाला नाही, कारण तो त्या चौकशीत बसत नव्हता.

हिवाळ्यात करकोचा आला. त्याने मोडलेल्या पिसाबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. मग म्हणाला, ससाणा एकटा असला की घाबरतो, जोडी हवी. आणि जाता जाता, अगदी आपलेपणाने, घारींनीही आपल्याकडूनच एक ससाणा घेतल्याचं सांगितलं. नखांसकट. महाराजांनी दुसऱ्या ससाण्याला तिथल्या तिथे होकार दिला. उंबरं संपली होती, तेव्हा या वेळी मोहाची झाडं लिहून दिली.

दुसऱ्या ससाण्याच्या स्वागताची तयारी चालू असताना रामोजी थोडा वेळ मोकळा झाला. तो माळावर गेला. गोदा धाकट्या पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती. रामोजीने पट्टा काढून बाजूला ठेवला.

"गोदाबाई, त्या दिवशी घार मी पाहिली होती."

गोदाने मान वर केली नाही. "मग उठला का नाहीत तुम्ही?"

"मला वाटलं, ससाणा उठेल."

"हो," गोदा म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं."

तिकडे ढोल वाजायला लागले. रामोजीने पट्टा पुन्हा घातला आणि तो पहाऱ्यावर गेला.

तात्पर्य : पिल्लं काय, घरचीच असतात आणि फुकट होतात. ससाणा मात्र परदेशातून आणावा लागतो. म्हणून घार आली की शहाण्यांनी आधी ससाण्याला वाचवावं.